केव्ही वाढवायचा की एमएएस? क्ष-किरण तयार कसे होतात आणि शरीरात शिरून काय करतात

रात्रपाळी होती, तालुक्याच्या गावचं रुग्णालय होतं आणि नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. जिन्यावरून पडलेले शंभरेक किलोचे एक गृहस्थ टेबलावर कुशीवर झोपले होते. त्यांच्या कमरेच्या मणक्याची लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेली, फिल्म काढली, डार्करूममध्ये धुतली, व्ह्यूबॉक्सवर लावली, तर पांढरीफटक. एमएएस (ट्यूबमधला विद्युतप्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार) दीडपट केला. पुन्हा पांढरी. आणखी वाढवला. आता मणक्याच्या जागी धुकं. मग आमचे वरिष्ठ टेक्निशियन डोळे चोळत आले, पॅनेलकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, किरण पोटातच मरतायत. जास्त पाठवून काय उपयोग? आधी त्यांच्यात दम भर." केव्ही (ट्यूबवरचा विद्युतदाब, किलोव्होल्टमध्ये) वाढवला आणि पुढच्या फिल्मवर मणके दिसले.

तीन एक्स्पोजर त्या माणसाच्या अंगावर फुकट गेली. परीक्षेत मी ब्रेम्सश्ट्रालुंगवर (क्ष-किरण तयार होण्याचा एक प्रकार, पुढे येईल) पानभर उत्तर लिहिलं होतं, पण ते पान आणि हे पॅनेल यांचा काही संबंध आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. रेडिओग्राफीचा डिप्लोमा किंवा बीएस्सी करणाऱ्या मुलांचं आजही बहुधा तिथेच अडतं. म्हणून हा लेख फिलामेंटपासून डिटेक्टरपर्यंत किरणाच्याच वाटेने जातो, आणि वाटेत जिथे जिथे आपल्या हातात एखादं बटण आहे तिथे थांबतो.

एका वाक्यात सांगायचं तर एमएएस किरणांची संख्या ठरवतो आणि केव्ही संख्येबरोबर त्यांचा स्वभावही ठरवतो.

फिलामेंट तापवा, पण ताटकळत ठेवू नका

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीपासून दूर ठेवलेला पडदा चमकताना दिसला. हे किरण कसले ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी गणितातल्या अज्ञातासारखं त्यांना 'एक्स' म्हटलं. मराठी बीजगणितात अज्ञात संख्या 'क्ष मानू' अशी सुरू होते, त्यामुळे आपल्याकडे ते क्ष-किरण झाले. माझ्या मते हे भाषांतर इतकं चपखल आहे की भाषांतर वाटतच नाही.

रोंटगेन यांच्या नळीत थोडा वायू असायचा आणि ती लहरी होती. आज आपण वापरतो ती विल्यम कूलिज यांच्या १९१३ च्या नळीची वारसदार. तिच्यात निर्वात पोकळी असते आणि टंगस्टनचं फिलामेंट तापून लाल-पांढरं झालं की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. जितकं जास्त तापवाल तितके जास्त इलेक्ट्रॉन. हाच तुमचा एमए. १ मिलिॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२४ × १०^१५ इलेक्ट्रॉन. त्याला सेकंदांनी गुणलं की एमएएस. २०० एमए आणि ०.१ सेकंद म्हणजे २० एमएएस; १०० एमए आणि ०.२ सेकंद म्हणजेही २०. किरण तेवढेच मिळतात, फक्त दुसऱ्या वेळी रुग्णाने दुप्पट वेळ श्वास रोखायला हवा. रडणाऱ्या मुलाची छाती काढताना एमए जास्त आणि वेळ कमी ठेवायचा तो याचसाठी.

बटणाला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा म्हणजे प्रेप: फिलामेंट पूर्ण तापतं आणि ॲनोडची चकती, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे आदळतात ते टार्गेट, फिरू लागते. 'मोठा श्वास घ्या' म्हणत प्रेप धरून ठेवायची अनेकांना सवय असते. त्या वेळात फिलामेंटचं टंगस्टन उडून नळीच्या काचेवर बसतं आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. आधी सूचना द्या, मग प्रेप, मग लगेच एक्स्पोजर.

धाव आणि धडक

फिलामेंट आणि ॲनोड यांच्यामधल्या विद्युतदाबाने इलेक्ट्रॉन खेचले जातात. ८० केव्हीला पळणारा इलेक्ट्रॉन टार्गेटवर पोचतो तेव्हा त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण निम्मा असतो, आणि त्याच्याकडे ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ८० केईव्ही ऊर्जा असते. हे अंतर दोन-तीन सेंटिमीटरचं असेल.

धडकेतली जवळपास सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. ८० केव्हीला टंगस्टनवर किरणांच्या वाट्याला एक टक्काही येत नाही. मघाचं एक्स्पोजर घ्या: ८० केव्ही, २० एमएएस. गुणाकार १६०० ज्यूल, आणि ही उष्णता पडते मिलीमीटर-दोन मिलीमीटरच्या ठिपक्यावर, दशांश सेकंदात. म्हणून टार्गेट टंगस्टनचं, कारण ते ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून चकती फिरती, म्हणजे धडक एकाच जागी पडत नाही. चकतीचा दांडा मॉलिब्डेनमचा आणि बारीक असतो, म्हणजे उष्णता बेअरिंगपर्यंत कमी पोचते. आणि म्हणूनच सकाळी मशीन सुरू केल्यावर कमी फॅक्टरची (म्हणजे कमी केव्ही-एमएएसची) काही एक्स्पोजर देऊन ट्यूब गरम करून घ्यायची. थंड चकतीवर एकदम जड एक्स्पोजर मारलं तर ती तडकू शकते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर काय होतं ते आठवा.

उरलेल्या एक टक्क्याखालच्या हिश्शातून किरण तयार होतात, ते दोन प्रकारे.

पहिला प्रकार ब्रेम्सश्ट्रालुंग. जर्मन शब्दाचा अर्थ 'ब्रेक लागताना निघणारे किरण'. इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या केंद्रकाजवळून जातो, केंद्रकातले ७४ प्रोटॉन त्याला ओढतात, तो वळतो, त्याचा वेग कमी होतो आणि गमावलेली ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडते. लांबून गेला तर ब्रेक हलका आणि फोटॉन कमी ऊर्जेचा. अगदी जवळून गेला तर सगळी ऊर्जा एका दमात. त्यामुळे ८० केव्हीच्या किरणांत ८० केईव्हीचे फोटॉन अगदी मूठभर असतात, सरासरी साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत येते. पॅनेलवर ८० लिहिलंय म्हणजे ८० चे किरण निघतायत, असं समजू नका. तो आकडा फक्त कमाल मर्यादा सांगतो.

दुसरा प्रकार वैशिष्ट्यपूर्ण किरणांचा. आलेला इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या सर्वांत आतल्या के-कवचातला इलेक्ट्रॉन उडवतो, वरच्या कवचातला एक खाली येऊन ती जागा भरतो आणि दोन्ही कवचांतल्या ऊर्जेचा फरक फोटॉन म्हणून बाहेर पडतो. हा फरक धातूगणिक ठरलेला असतो: टंगस्टनला मुख्यतः ५८ ते ५९ आणि ६७ ते ६९ केईव्ही. के-कवचातला इलेक्ट्रॉन उडवायला ६९.५ केईव्ही लागतात, म्हणून ६५ केव्हीला हे किरण एकही निघत नाहीत. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, पण रोजच्या छाती-पोटाच्या कामात त्याने फार फरक पडत नाही. फरक पडतो मॅमोग्राफीत. तिथे मॉलिब्डेनमचं टार्गेट वापरलं तर १७.५ आणि १९.६ केईव्हीचे किरण मिळतात. स्तनातली चरबी आणि गाठ यांतला बारीक फरक एवढ्या कमी ऊर्जेलाच उठून दिसतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ॲनोडचा पृष्ठभाग तिरका असल्याने त्याच्या बाजूला निघणाऱ्या किरणांना टंगस्टनमधून जास्त वाट काढावी लागते आणि ते कमकुवत होतात. कॅथोडच्या, म्हणजे फिलामेंटच्या, बाजूचे तगडे राहतात. याला हील इफेक्ट म्हणतात. मांडीच्या लांब फिल्मला खुब्याचा जाड भाग कॅथोडकडे ठेवा, गुडघा ॲनोडकडे. ट्यूबवर अधिक-उणेच्या खुणा असतात, कुठे आहेत ते एकदा बघून घ्या.

चाळण

ट्यूबमधून निघालेले १०-१५ केईव्हीचे फोटॉन रुग्णाच्या कातडीतच संपतात. चित्रात त्यांचा काही उपयोग नसतो, डोस मात्र रुग्णाला मिळतो. म्हणून वाटेत ॲल्युमिनियमचं फिल्टर असतं. ७० केव्हीच्या वर चालणाऱ्या ट्यूबला एकूण किमान २.५ मिलीमीटर ॲल्युमिनियमइतकं. दुरुस्तीच्या वेळी कॉलिमेटर (किरणांचा झोत हवा तेवढा आवळणारा डबा) उघडला गेला असेल तर फिल्टर परत बसवलंय का, हे विचारा. ते नसलं तरी चित्र छानच येतं, त्यामुळे चूक फिल्मवर कळत नाही.

शरीरात काय होतं

आता मुख्य भाग. शरीरात शिरलेल्या फोटॉनचं तीनपैकी काहीतरी एक होतं: तो आरपार जातो, पूर्ण शोषला जातो किंवा दिशा बदलून भलतीकडे जातो. निदानाच्या ऊर्जांना एवढंच. दिशा बदलूनही ऊर्जा तशीच राहते असं विखुरणंही होतं, पण त्याचा वाटा थोडा. जोडी-निर्मितीला (फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होण्याला) १.०२२ एमईव्ही, म्हणजे १०२२ केईव्ही, लागतात. एक्स-रे विभागात तिचा संबंध येत नाही.

पूर्ण शोषणाला फोटोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. फोटॉन आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनला सगळी ऊर्जा देऊन स्वतः संपतो. याची शक्यता दोन गोष्टींवर अवलंबून असते आणि दोन्ही घनाच्या हिशेबाने. अणुक्रमांक दुप्पट झाला तर शक्यता साधारण आठपट. ऊर्जा दुप्पट झाली तर साधारण आठव्या हिश्शावर. मऊ ऊतींचा परिणामी अणुक्रमांक ७.४ च्या आसपास, हाडाचा कॅल्शियममुळे १३ च्या आसपास. गुणोत्तर पावणेदोन, त्याचा घन पाचाच्या वर. त्यात हाडाची घनताही जास्त. फिल्मवर हाड पांढरं आणि मांस करडं दिसतं ते या घनामुळे. पण केव्ही वाढवला की हा फरक पटापट आटतो, कारण फोटोइलेक्ट्रिकच आटतो.

त्याची जागा घेतो कॉम्प्टन परिणाम. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये तो समजावून सांगितला आणि १९२७ ला त्यांना नोबेल मिळालं. फोटॉन बाहेरच्या, सैल बांधलेल्या इलेक्ट्रॉनवर आपटतो, थोडी ऊर्जा त्याला देतो आणि वेगळ्या दिशेने निघतो. कॅरमच्या स्ट्रायकरसारखं म्हणा, पण या स्ट्रायकरचा जोर फारसा कमी होत नाही: ६० केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तरी त्याच्याकडे जवळपास ५४ केईव्ही उरतात. म्हणून तो शरीराबाहेर पडतो, डिटेक्टरवर भलत्याच जागी जाऊन धुकं पसरवतो, नाहीतर टेबलाजवळ उभ्या माणसापर्यंत पोचतो. शिवाय कॉम्प्टनला अणुक्रमांकाशी जवळजवळ देणंघेणं नाही. त्याला हाड आणि मांस यांतला फरक मुख्यतः घनतेपुरताच कळतो.

मऊ ऊतींमध्ये २५-३० केईव्हीच्या आसपास दोघांची बरोबरी होते आणि त्यावर कॉम्प्टनचं राज्य. म्हणजे केव्हीचं बटण फिरवताना तुम्ही या दोघांमधला वाटा बदलत असता. हाताच्या बोटात बारीक फ्रॅक्चर शोधताय? ५०-५५ केव्ही, फोटोइलेक्ट्रिक जास्त, कॉन्ट्रास्ट कडक. छातीत फुप्फुस बघायचंय आणि बरगड्या आड येतायत? ११०-१२० केव्ही घ्या, ग्रिडसह (विखुरलेले किरण अडवणारी जाळी, पुढे येईल). बरगड्या फिक्या होतात आणि त्यांच्या मागचं दिसतं.

आता त्या रात्रीच्या फिल्मकडे येऊ. पाण्यात (आणि मांस म्हणजे या हिशेबापुरतं पाणीच) ६० केईव्हीचे किरण दर ३.४ सेंटिमीटरला निम्मे होतात. ३० केईव्हीचे दर १.८ सेंटिमीटरला. २४ सेंटिमीटरच्या पोटातून ६० चे किरण सातदा निम्मे होऊन बाहेर पडतात, म्हणजे १२८ मधला १ पोचतो. ३० चे तेरादा निम्मे होतात: ८००० मधला १. त्या गृहस्थांची कुशीवरची जाडी ३६ सेंटिमीटर धरली तर ६० केईव्हीला १६०० ते १७०० मधला १ पोचतो आणि ३० केईव्हीला साडेसात लाखांमधला १. अशा ठिकाणी एमएएस दीडपट करून मी साडेसात लाखांत दीड फोटॉन मिळवत होतो. वरिष्ठांचा 'दम' म्हणजे हाच घातांकाचा हिशेब होता, फक्त त्यांनी तो पुस्तकात वाचलेला नव्हता.

बेरियम आणि आयोडीनची गोष्टही याच घरातली. आयोडीनच्या के-कवचातला इलेक्ट्रॉन ३३.२ केईव्हीला सुटतो, बेरियमचा ३७.४ ला. या ऊर्जेच्या जरा वर शोषण एकदम उडी मारतं. आयव्हीपीला (शिरेतून आयोडीन देऊन काढलेल्या मूत्रमार्गाच्या एक्स-रेला) ६५-७० केव्ही ठेवला की बरेचसे फोटॉन या टप्प्यात येतात आणि मूत्रनलिका लख्ख दिसते. बेरियमचा मात्र आतड्यात इतका जाड थर असतो की तो भेदायला ११० च्या वरच जावं लागतं.

धुकं आवरा

जाड पोटाच्या एक्स-रेत डिटेक्टरपर्यंत पोचणाऱ्या किरणांत विखुरलेले किरण मूळ किरणांहून जास्त असतात. ते आवरायचा पहिला, फुकटचा उपाय म्हणजे कॉलिमेटर. प्रकाशाचा चौकोन हव्या त्या भागापुरता आवळा. लहान भाग, कमी विखुरणं, कमी डोस, जास्त कॉन्ट्रास्ट. तोटा काहीच नाही. तरीही 'काही सुटायला नको' म्हणून पूर्ण उघडा ठेवणारे मी रोज बघतो. डिजिटलमध्ये नंतर कडा कापता येतात, हे तर त्याहून वाईट निमित्त. कापलेल्या भागाचा डोस रुग्णाला मिळालेलाच असतो.

दुसरा उपाय ग्रिड, शिशाच्या पातळ उभ्या पट्ट्यांची जाळी. गुस्टाव बकी यांनी १९१३ च्या सुमारास ती बनवली, आणि पुढे हॉलिस पॉटर यांनी ती एक्स्पोजरच्या वेळी हलती ठेवली म्हणजे पट्ट्यांच्या रेषा उमटत नाहीत. आपण टेबलालाच 'बकी' म्हणतो ते याच माणसाचं नाव. साधारण १० सेंटिमीटरहून जाड भागाला ग्रिड लावा. पण ग्रिड मूळ किरणांपैकीही काही खाते: ८:१ ची ग्रिड लावली तर एमएएस सुमारे चौपट लागतो. हाताला, पायाला ती लावू नका. आणि पोर्टेबलवर (वॉर्डात नेता येणाऱ्या मशीनवर) ग्रिड असेल तर ट्यूब वाकडी धरू नका, नाहीतर एका बाजूचे किरण पट्ट्यांत अडकून निम्मी छाती पांढरी येते आणि वॉर्डात त्याला फुप्फुसात पाणी समजलं जातं.

फॅक्टर बदलण्याची रीत

समजा तुमच्या चार्टमध्ये कमरेच्या एपी (समोरून घेतलेल्या) व्ह्यूला ७० केव्ही, २० एमएएस, १०० सेंटिमीटर असं आहे आणि समोरचा रुग्ण नेहमीपेक्षा ४ सेंटिमीटरने जाड आहे. जाडी कॅलिपरने मोजा, नजरेने नको. दर ४ सेंटिमीटरला किरण दुप्पट लागतात असं धरून चाला. दोन वाटा आहेत.

पहिली: एमएएस ४०. कॉन्ट्रास्ट तसाच राहतो, पण कातडीवरचा डोस दुप्पट.

दुसरी: केव्ही १५ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे ८०, एमएएस २०. आरपार पोचणारे किरण जवळपास दुप्पट होतात, कारण डिटेक्टरवरचा परिणाम केव्हीच्या चौथ्या-पाचव्या घातासारखा वाढतो. ट्यूबमधून निघणारे किरण मात्र केव्हीच्या वर्गाने वाढतात, म्हणून कातडीवरचा डोस साधारण १.३ पट. कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो.

मी स्वतः जाड भागाला आधी केव्ही वाढवतो, हाडाच्या बारीक कामाला आणि लहान अवयवांना एमएएस. मधली वाटही चालते: ७५ केव्ही आणि २८ एमएएस. एका वेळी दोन्ही बटणं अंदाजाने फिरवली तर मात्र फिल्म बिघडल्यावर कारण सापडत नाही.

अंतर बदललं तर वर्गाचा नियम. १०० वरून १८० सेंटिमीटरवर गेलात तर किरण ३.२४ पटीने पातळ होतात, एमएएस तेवढ्या पटीने वाढवा. पोर्टेबलला पट्टी न लावता १२० सेंटिमीटरवर ट्यूब ठेवली, तरी १०० चा चार्ट वापरून साधारण ३० टक्के किरण कमी पडतात.

डिजिटलमध्ये एक नवा धोका आलाय. जुनी फिल्म जास्त एक्स्पोजरने काळी पडायची आणि चूक लगेच कळायची. आता सॉफ्टवेअर चित्र सावरून घेतं. डोस दुप्पट झाला तरी चित्र उलट जास्त स्वच्छ दिसतं, म्हणून हात हळूहळू वाढत्या फॅक्टरकडे सरकतो. दाणेदार चित्र आलं तर एमएएस कमी पडला. गुळगुळीत आलं म्हणून एमएएस बरोबर होता असं नाही. प्रत्येक चित्राखाली येणारा एक्स्पोजर इंडेक्सचा (डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले ते सांगणारा) आकडा वाचा आणि महिनाभर वहीत उतरवून काढा. आपला हात कुठे सरकतोय ते दिसेल.

आपण कुठे उभं राहायचं

टेक्निशियनला मिळणारा डोस मुख्यतः रुग्णातून विखुरलेल्या कॉम्प्टन किरणांचा. रुग्णापासून काटकोनात १ मीटरवर ते मूळ किरणांच्या साधारण हजाराव्या भागाइतके असतात, २ मीटरवर त्याच्या पाव. पोर्टेबलची वायर लांब दिलीय ती याचसाठी. शिशाचा अणुक्रमांक ८२, त्यामुळे फोटोइलेक्ट्रिकचा घन तिथे आपल्या बाजूने काम करतो: १०० केव्हीच्या किरणांना निम्मं करायला सुमारे पाव मिलीमीटर शिसं पुरतं. ॲप्रन घडी घालून ठेवू नका, आतला थर तडकतो. टीएलडी बॅज (आपल्याला मिळालेला डोस मोजणारा बिल्ला) छातीवर, ॲप्रनच्या आत लावा. अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० आणि सामान्य माणसासाठी १. मुलाला धरायची वेळ आली तर नातेवाइकाला ॲप्रन घालून उभं करा, मुलाची आई गरोदर नाही ना ते विचारून. रोज तुम्हीच धरू लागलात तर बॅजवर ते दिसेलच.

एक्स्पोजर संपल्यावर 'आत जाऊ का, किरण उरले असतील ना' असं नातेवाईक दारातून विचारतात. काही जण तर खिडकी उघडायला सांगतात. त्यांना सांगा, दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड जितका उरतो, तितकेच हे किरण उरतात. मग रुग्णाचा हात धरून त्याला टेबलावरून उतरवा.